पत्त्यांच्या जादूत पकडले जाता, तेव्हा नेमकं काय पकडलं जातं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षं पत्त्यांची जादू शिकताय, नोकरी हिंजवडीत, रात्रीची जेवणं आटोपली की आरशासमोर सराव. डबल लिफ्ट (दोन पत्ते एकच असल्यासारखे उचलणं), पाम (पत्ता तळव्यात लपवणं), फोर्स (आपल्याला हवा तोच पत्ता समोरच्याला निवडायला लावणं), खोटं पिसणं, सगळं हातात बसलंय. आरशात काहीच दिसत नाही. पण घरच्यांसमोर किंवा ऑफिसातल्या मित्रांसमोर केलं की कुणीतरी म्हणतंच, "तू आत्ता काहीतरी केलंस." म्हणून विचारताय, आता पुढची कोणती हातचलाखी शिकू? हात लहान आहेत म्हणून असं होतं का? आणि हे जमलं तर नोकरी सोडून पूर्णवेळ यात यावं का?

मी पुण्यात बरीच वर्षं पत्त्यांचे प्रयोग करते. माझं काम बहुतेक लहान घोळक्यांसमोरचं: लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, कंपन्यांच्या पार्ट्यांत, सोसायट्यांच्या गणपतीत, कधी एखाद्या छोट्या सभागृहात. जादूगार रघुवीर आणि त्यांच्या घराण्याच्या पुढच्या पिढ्यांनी या शहराला मोठ्या रंगमंचावरची जादू दाखवली. ते वेगळं शास्त्र आहे. हातभर अंतरावरून बघणाऱ्या माणसाला पत्ते दाखवायचं काम वेगळं. मी बोलतेय ते या दुसऱ्या कामाबद्दल.

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. मित्र म्हणतो, "तू आत्ता काहीतरी केलंस." "दोन पत्ते एकदम उचललेस" असं तो म्हणत नाही. काय केलं हे त्याला ठाऊक नाही, कधी केलं एवढंच कळलंय. म्हणजे क्लृप्ती शाबूत आहे, वेळ उघडी पडलीय. आणि एकदा वेळ कळली की माणूस तिथून मागे विचार करत जातो. क्लृप्तीपर्यंत पोचो न पोचो, आश्चर्य संपलेलं असतं. अशा अवस्थेत आणखी चार हातचलाख्या शिकलात तर उघड्या पडायला आणखी चार जागा तयार होतील. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: सध्या नवीन काहीही शिकू नका.

यात परिस्थितीवर अवलंबून असलेलंही बरंच आहे, ते आधी बोलून घेते. तुम्ही बसून करता की उभ्यानं, समोर टेबल आहे का, माणसं फक्त समोर आहेत की तिन्ही बाजूंनी, यानं खूप फरक पडतो. त्याहून जास्त फरक पडतो तो ती तुम्हाला किती ओळखतात यानं. घरची माणसं हा सगळ्यात अवघड प्रेक्षक. तुमचा भाऊ पत्त्यांकडे बघतच नाही, तो तुमच्याकडे बघतो, आणि लहानपणी थाप मारताना तुमचा चेहरा कसा व्हायचा हे त्याला पाठ आहे. त्याच्यासमोर पकडले गेलात म्हणजे अनोळखी माणसासमोरही पकडले जाल असं मुळीच नाही. आजवर तुमचे सगळे प्रेक्षक घरचे आणि ऑफिसचेच असतील, तर निम्मी अडचण तिथे आहे. उरलेली निम्मी तुमच्या हाताभोवती आहे.

तुम्ही डबल लिफ्टचं नाव घेतलंय, तर तीच उदाहरणाला घेऊ. पद्धत इथे सांगणार नाही, ती तुम्हाला येते. तिच्या आजूबाजूला काय घडतं ते बघा. कॅट डाव्या तळव्यात आहे, तर्जनी पुढच्या कडेला, अंगठा डाव्या बाजूला, बाकीची बोटं उजव्या कडेला टेकलेली. पत्ता उलटायची वेळ येते. इथे बहुतेक शिकणाऱ्यांचं बोलणं थांबतं. श्वास वरच्या वर राहतो, खांदे किंचित वर येतात. डावा अंगठा इतका दाबला जातो की नखाची कड पांढरी पडते. इतका वेळ मोकळा हलणारा उजवा हात आता सावकाश, मोजूनमापून येतो. नजर कॅटवर खिळते. पत्ता उलटून झाला की दोन्ही हात मिळून कॅटच्या कडा नीट जुळवत बसतात. एक साधा पत्ता उलटल्यावर इतकी काळजी कोण घेतं? बघणाऱ्यानं यातलं काही वेगवेगळं टिपलेलं नसतं. त्याला एवढंच जाणवतं की आत्ता काहीतरी बदललं.

यावरचा उपाय कंटाळवाणा आहे, पण तो लागू पडतो. आधी खरं करा. खरोखर एकच पत्ता घ्या, उलटा, दाखवा, परत ठेवा, आणि हे करताना कुणाशी तरी बोलत राहा. मोबाईल समोर ठेवून याचं चित्रीकरण करा आणि मग निवांत बघा. पत्ता किती सैल धरलाय, कुठल्या बोटांनी धरलाय, कसा परत टाकलाय, डोळे कुठे आहेत. हे तुमचं खरं वागणं. तुमची डबल लिफ्ट हुबेहूब याच्यासारखी दिसायला हवी. नेहमी उलटं होतं: डबल लिफ्ट आधी शिकली जाते, तिची एक देखणी ढब बसते, आणि खरा एकटा पत्ता मात्र वेगळ्याच तऱ्हेनं उलटला जातो. माझ्याकडे कुणी शिकायला आलं की सुरुवातीला मी फक्त खरं पिसायला, खरं कापायला आणि खरे पत्ते वाटायला लावते. काही जण कंटाळून सोडून जातात. जे टिकतात त्यांचे हात पुढे भराभर तयार होतात, कारण खोटं कशासारखं दिसायला हवं हे त्यांच्या बोटांना माहीत असतं.

दुसरी गोष्ट, तयारी आणि कृती एकमेकांपासून लांब ठेवा. प्रत्येक हातचलाखीला आधी थोडी तयारी लागते आणि ती बहुतेकांची अगदी आयत्या वेळी होते, म्हणजे नेमकी सगळ्यांचे डोळे हातावर असताना. तुमच्या प्रयोगात लोक सैल कधी पडतात ते शोधा. एखादा पत्ता सापडला की ते हसतात, एकमेकांकडे बघतात, कुणीतरी म्हणतं "अरे, कसं काय!" त्या दोन-तीन सेकंदांत तुमच्या हाताकडे कुणाचंही लक्ष नसतं. पुढच्या भागाची तयारी तिथे उरकायची. किंवा समोरच्याला त्याचं नाव विचारा. नाव सांगताना माणूस तुमच्या डोळ्यांत बघतो.

तिसरी गोष्ट कारण, आणि मला ही सगळ्यात जवळची वाटते. उजवा हात कॅटवर का आला? तुम्हाला ठाऊक आहे का आला, पण बघणाऱ्याच्या दृष्टीनं त्या हाताला तिथे काही काम हवं. टेबलावरचा चहाचा कप बाजूला सरकवायचा आहे म्हणून कॅट एका हातातून दुसऱ्या हातात गेला, हे काम झालं. मागे उभ्या असलेल्या काकूंना पुढे बोलवायला हात वर करायचा आहे, हेही काम झालं. मी नवा प्रयोग बांधते तेव्हा कागदावर प्रत्येक हालचालीपुढे तिचं दिसणारं कारण लिहिते. जिथे लिहायला काही सुचत नाही तिथे प्रेक्षक पकडणार हे मला आधीच कळतं. मग प्रयोगाचा तो भाग बदलते. हातचलाखी अधिक सफाईदार करत बसण्यापेक्षा हे कितीतरी लवकर फळ देतं.

आणि नजर. 2006 साली गुस्ताव कून आणि मायकेल लँड या संशोधकांनी चेंडू नाहीसा करण्याच्या एका जुन्या प्रयोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. जादूगार आधी चेंडू खरोखर वर उडवतो, नंतर नुसतीच उडवल्यासारखी कृती करतो, चेंडू हातातच राहतो. या नुसत्या कृतीच्या वेळी जादूगाराची नजर वर गेली, तर चेंडू वर जाताना दिसला असं सांगणारे प्रेक्षक पुष्कळ निघाले. नजर हातावरच राहिली तेव्हा त्यांची संख्या बरीच घटली. प्रेक्षकांच्या डोळ्यांच्या हालचालीही नोंदवल्या होत्या. जिथे चेंडू दिसला म्हणून ते सांगत होते, तिथे बहुतेकांचे डोळे गेलेलेच नव्हते. बरेच जण जादूगाराचा चेहरा बघत होते. तुम्ही हाताकडे बघता म्हणून मित्र हाताकडे बघतो. तुम्ही मित्राकडे बघितलंत तर तो तुमच्याकडे बघेल. इतकं साधं आहे, आणि आरशासमोर शिकलेल्या माणसाला नेमकं हेच जड जातं.

कारण आरसा एक वाईट सवय लावतो. आरशासमोर तुम्ही स्वतःच प्रेक्षक असता, त्यामुळे सतत स्वतःच्या हाताकडे बघायची सवय होते. त्यात आणखी एक भर पडते: नाजूक क्षणी डोळे मिटले जातात. आपल्याला आपली लबाडी बघायची नसते म्हणून पापणी आपोआप पडते आणि आरशात सगळं स्वच्छ वाटतं. मोबाईलचा कॅमेरा पापणी मिटत नाही. तो तीन ठिकाणी ठेवून बघा: समोरून, डाव्या बाजूनं, आणि खालून, जमिनीवर मांडी घालून बसलेल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून. सोसायटीच्या कार्यक्रमात मुलं अशीच सतरंजीवर, अगदी पायाशी येऊन बसतात आणि मोठ्यांना न दिसणारं त्यांना दिसतं. पाम केलेला पत्ता खालून दिसतो की नाही हे पुण्यातल्या कुठल्याही गणेशोत्सवात पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

आता हात लहान असण्याबद्दल. माझेही हात लहान आहेत, म्हणून याचं उत्तर मनापासून देते. पामसारख्या एक-दोन गोष्टींत थोडा फरक पडतो, बाकी नाही. पत्त्यांचे दोन आकार सर्रास मिळतात: पोकरचे अडीच इंच रुंद, ब्रिजचे सव्वादोन इंच, उंची दोन्हींची साडेतीन इंच. पाव इंचानं तळव्यात खूप फरक पडतो. अरुंद पत्ते वापरण्यात काहीच कमीपणा नाही, आपल्याकडे घरोघरी रमीला पुष्कळदा तेच असतात, त्यामुळे ते ओळखीचेही वाटतात. आणि हातांबद्दल खरंच शंका असेल तर रेने लावांद यांचे प्रयोग शोधून बघा. अर्जेंटिनाचे हे जादूगार. नऊ वर्षांचे असताना अपघातात त्यांचा उजवा हात गेला. पुढे आयुष्यभर एकट्या डाव्या हातानं त्यांनी पत्त्यांचे प्रयोग केले. तेही भरभर नाही, मुद्दाम सावकाश, मध्येच थांबत, गोष्ट सांगत. वेग हा जादूगाराचा गुण आहे असं वाटणाऱ्या प्रत्येकानं ते बघावेत. भरभर केलं की माणूस म्हणतो, "फार पटकन झालं, मला दिसलं नाही." सावकाश केलं की त्याच्यापाशी बोलायला काही उरत नाही.

पत्त्यांविषयी तुम्ही विचारलं नाहीत, तरी दोन शब्द. पूर्ण प्लास्टिकचे पत्ते रमीला उत्तम, आपल्या कामाला नाहीत. ते निसटतात आणि वाकवले तर ताठ होऊन परत येतात. कागदी पत्त्यांच्या पृष्ठभागावर बारीक खळगे असतात, त्यात हवा राहते आणि पत्ते एकमेकांवरून अलगद सरकतात. 1885 पासून निघणारे बायसिकल पत्ते जगभरचे जादूगार याचसाठी वापरतात. पुण्यात अडचण हवेची. जून ते सप्टेंबर कागद दमट होतो, पत्ते फुगतात, एकाला एक चिकटतात, पंखा उघडताना दोन-दोन येतात. नेमका गणेशोत्सव त्याच दिवसांत. मी पावसाळ्यात कॅट घट्ट डबीत, वर वजन ठेवून ठेवते आणि कार्यक्रमाला नवा कोरा कॅट घेऊन जाते. एप्रिलमध्ये उलटं, बोटं कोरडी पडतात आणि पत्ता पकडीत राहत नाही. तेव्हा तासभर आधी हाताला थोडं क्रीम लावायचं, अगदी आयत्या वेळी नाही. सराव मात्र जुन्या, मळलेल्या कॅटवरही करा. कधीतरी कुणीतरी घरातला कॅट आणून हातात देतंच आणि त्या क्षणी "याच्यानं होणार नाही" म्हणालात तर सगळे समजतात की तुमचे पत्ते बनावट आहेत.

लोकांनी पिसायला मागितलं तर द्या, खुशाल द्या. तुमच्यासारख्या गणिताची आवड असलेल्या माणसाला हे आवडेल: 1992 साली डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस यांनी दाखवून दिलं की दोन भाग करून कडा एकमेकांत सोडत पिसलं, तर 52 पत्ते नीट मिसळायला साधारण सात वेळा पिसावं लागतं. आपल्या घरांत थोडे थोडे पत्ते वरून खाली टाकत पिसतात, त्यानं तर फारच कमी मिसळतं. म्हणजे प्रेक्षकानं पिसलं की सगळं उद्ध्वस्त झालं ही भीती मोठी करू नका. मात्र कॅट त्याच्या हातात गेल्यावर "यानं पत्त्यांना काहीतरी केलंय" ही शंका जाते. त्या बदल्यात थोडी मांडणी गमवावी लागली तरी चालेल. हे डायकोनिस चौदाव्या वर्षी घर सोडून पत्त्यांचे नामवंत जादूगार डाय व्हर्नन यांच्याबरोबर जादू शिकत हिंडले आणि नंतर गणितज्ञ झाले, हे जाता जाता.

व्हर्नन यांचं नाव निघालंच आहे तर "पुन्हा करून दाखव" या मागणीबद्दलही बोलते. हॅरी हूदिनी म्हणायचे की कुठलाही प्रयोग तीनदा दाखवा, मी तो ओळखतो. 1922 मध्ये शिकागोत व्हर्नननी त्यांना एक प्रयोग दाखवला. हूदिनींनी पत्त्यावर स्वतःची आद्याक्षरं लिहिली, पत्ता वरून दुसरा ठेवला आणि तो पुन्हा सगळ्यात वर आला. पुन्हा केलं, पुन्हा केलं, हूदिनींना शेवटपर्यंत कळलं नाही. आपण शिकणारे ही गोष्ट ऐकतो आणि वाटतं, आपणही पुन्हा दाखवावं. पण तो प्रयोग पुन्हा पुन्हा दाखवण्यासाठीच बांधलेला होता आणि समोर व्हर्नन होते, ज्यांचा सगळा आग्रह हात नैसर्गिक दिसण्यावर होता. तुम्ही एक प्रयोग केलात आणि मित्र म्हणाला पुन्हा कर, तर पहिल्या वेळी तो कथा बघत होता, दुसऱ्या वेळी तो फक्त वेळ शोधणार. तेव्हा हसून म्हणा, "तोच नको, याच्यापेक्षा चांगला दाखवतो," आणि दुसरा सुरू करा. दुसरा तयार नसेल तर कॅट खिशात ठेवा. ऑफिसातला तो मित्र दर शुक्रवारी तोच प्रयोग मागत असेल, तर तुम्ही त्याला पकडायचं शिक्षण देताय.

यासाठी हाताशी किती प्रयोग हवेत? फार नकोत. पाच-सहा पुरेत, पण ते झोपेतून उठवलं तरी जमले पाहिजेत, आणि त्यांचं बोलणं तुमचं असलं पाहिजे. तुमच्या लिहिण्यावरून मला दिसतं की तुम्ही व्हिडिओंतून शिकलात, आणि बोलणंही तिथलंच उचललंय. "एनी कार्ड, सर" हे कोथरूडच्या दिवाणखान्यात परकं वाटतं. आपल्या लोकांचं पत्त्यांशी खूप जुनं नातं आहे. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घ्या: एकशेवीस गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग. आणि ते लांबचं वाटलं तर मे महिन्याच्या सुट्टीतला बदाम सात घ्या. ज्याच्याकडे बदाम सत्ती तो पहिला, हे साठीच्या आजीपासून सहावीतल्या मुलीपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. माझा एक प्रयोग त्यावरच आहे. चार जणांना पत्ते वाटते आणि विचारते, "बदाम सत्ती कुणाकडे?" कुणाकडेच नसते. लगेच भांडण सुरू होतं, कुणीतरी म्हणतं "तू लपवलीस," कुणी म्हणतं "कॅटच अपुरा आहे," माणसं एकमेकांच्या हातात डोकावू लागतात. मला तेव्हा करायचं असतं ते सगळं मी करून घेते. आणि मग ती सत्ती ज्या आजी खेळायलाच बसल्या नव्हत्या त्यांच्या चष्म्याच्या घराखाली निघते. हे भांडण मी रचलेलं नाही, ते प्रत्येक घरात आधीपासून आहे. तुमच्या घरी मेंढीकोट खेळत असतील, झब्बू खेळत असतील, त्यात असंच काहीतरी सापडेल.

पत्ता निवडून घेताना एक छोटी काळजी घ्या, व्हिडिओंत ती सांगत नाहीत. ज्याला पत्ता निवडायला देता तो घाबरून नीट बघतच नाही, आणि शेवटी "हाच का तुमचा पत्ता?" विचारल्यावर म्हणतो, "मला आठवत नाही." सगळा प्रयोग मातीत. म्हणून पत्ता शेजारच्या दोघांनाही दाखवायला सांगा. कुणी ज्येष्ठ असतील तर त्यांना घाई करू नका, चष्मा लावू द्या, पत्ता मनात म्हणू द्या.

नोकरीचा प्रश्न. इथे माझं उत्तर तुमच्या घरच्या जबाबदाऱ्या, कर्ज, साठवलेले पैसे यांवर अवलंबून आहे आणि ते मला माहीत नाही. पण कामाचं स्वरूप सांगते, मग तुम्हीच ठरवा. पुण्यात हे काम वर्षभर सारखं नसतं. गणपतीचे दहा दिवस सुपाऱ्याच सुपाऱ्या, एका संध्याकाळी दोन-दोन ठिकाणी बोलावणं. अनंत चतुर्दशी झाली की लगेच पितृपक्ष लागतो, आणि पंधरवडाभर कुणी समारंभ ठेवत नाही. चातुर्मासात लग्नं नाहीत. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, डिसेंबरात कंपन्यांच्या पार्ट्या, मे महिन्यात मुलांची शिबिरं. जूनपासून पुन्हा ओसरतं. चांगल्या महिन्यांच्या मानधनातून कोरडे महिने काढायची सवय लावावी लागते, आणि पगाराची सवय असलेल्याला ते पहिल्या वर्षी जड जातं.

दुसरं, नुसत्या पत्त्यांवर भागत नाही. पत्ते तिसऱ्या-चौथ्या रांगेपलीकडे दिसत नाहीत. सोसायटीच्या हॉलमध्ये दीडशे माणसं असतील तर मागच्यांना फक्त तुमचे हात हलताना दिसतील. त्यांच्यासाठी दोरी, रुमाल, नाणी, मोठ्या आकाराचे पत्ते, मनातलं ओळखण्याचे प्रयोग असं काहीतरी लागतं. पार्टीत टेबलाटेबलावर फिरून दाखवायचं असेल तर पत्ते राजे, आणि मला विचाराल तर खरा आनंदही तिथेच. तेव्हा नोकरी सोडायच्या आधी निदान एक पूर्ण वर्ष, आषाढ ते आषाढ, शनिवार-रविवारची कामं घेऊन बघा. कोरड्या महिन्यांतही जुन्या ओळखीतून कामं यायला लागली, तुम्ही न सांगता लोक तुमचं नाव पुढे सांगू लागले, तर मग विचार करा. तोवर नोकरीत राहण्यानं तुमची कला कमी होत नाही, उलट निवड करायची मोकळीक मिळते. पैशांची निकड असलेला माणूस कुठलंही काम घेतो आणि चुकीच्या जागी कार्यक्रम करून वाईट सवयी लावून घेतो.

पूर्णवेळ असो की हौशी, दोन मागण्या तुमच्याकडे येणारच, म्हणून आधीच सांगते. पहिली, "तीन पत्तीत जिंकायचं शिकव." सरळ नाही म्हणा, गमतीतही हो म्हणू नका. ज्या दिवशी तुम्ही ओळखीत पैसे लावून खेळायला बसाल त्या दिवसापासून तुमच्या जादूवर कुणी विश्वास ठेवणार नाही आणि तुमच्या हातावरही नाही. दुसरी मागणी जास्त अवघड असते. मनातला पत्ता ओळखल्यावर कार्यक्रम संपताना एखादे गृहस्थ बाजूला येतात आणि हळूच विचारतात, "मुलीच्या लग्नाचं काही दिसतंय का?" ते खरोखर अडचणीत असतात आणि तुम्हाला काही शक्ती आहे असं त्यांना खरोखर वाटलेलं असतं. मी त्यांना तिथेच, पुन्हा कॅट हातात घेऊन सांगते की हे बोटांचं आणि सरावाचं काम आहे, मला कुणाच्या मनातलं कळत नाही. ज्या शहरात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अंधश्रद्धेविरुद्ध काम केलं आणि 2013 मध्ये जिथे त्यांचा खून झाला, तिथे हातचलाखी करणाऱ्यानं चमत्काराचा आव आणणं मला अत्यंत चुकीचं वाटतं. कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच हे सांगितलं तरी लोकांच्या आनंदात काडीचा फरक पडत नाही. मी रोज बघते.

शेवटी तुम्ही विचारलंय की पहिला बाहेरचा कार्यक्रम ऑफिसच्या वार्षिक पार्टीत घेऊ का. माझं मत, नको. तिथे मोठा आवाज असतो, अंधार असतो, सगळे तुम्हाला ओळखतात आणि सोमवारी पुन्हा भेटणार असतात. त्याऐवजी ज्या सोसायटीत तुम्ही राहत नाही तिथल्या एखाद्या कोजागरीला किंवा वाढदिवसाला, दहा-पंधरा माणसांसमोर, मानधन न घेता बसा. कोजागरीला गच्चीवर दूध आटेपर्यंत लोकांना काहीतरी हवंच असतं. आयोजकांना आधीच सांगा: एक छोटं टेबल, तुमच्या मागे भिंत किंवा कठडा, पाठीमागे कुणी उभं राहणार नाही, आणि दिवा तुमच्या डोक्यामागे नको, समोरून हवा. गच्चीवर वारा असतो, म्हणून टेबलावर पत्ते पसरायचे प्रयोग टाळा, हातातले करा. तीन प्रयोग घ्या, त्यातला एक तुमच्या घरच्या खेळावर बांधलेला. आणि मोबाईल लोकांच्या मागे उभा करून ठेवा, चित्रीकरण तुमचं नको, त्यांच्या चेहऱ्यांचं हवं. कोणत्या क्षणी त्यांनी तुमच्या हाताकडे बघितलं ते त्यात दिसेल. ती ठिकाणं लिहून इथे टाकलीत तर एकेका ठिकाणाचं काय करायचं ते मी सांगेन.